नकाशावर साडेसतरा तास, आईच्या घड्याळात साडेतेहतीस

आईला लंडनमार्गे अमेरिकेला न्यायचं झालं तर लंडन ते न्यूयॉर्क किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो हे मी पहिल्यांदा शोधलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये, रात्री साडेअकराला, कोथरूडच्या आमच्या घरात ओट्यापाशी उभं राहून. उत्तर लगेच मिळालं, साधारण ५,५४० किलोमीटर, जाताना साडेसात-आठ तास. मग मुंबई ते लंडन बघितलं, साधारण ७,२०० किलोमीटर, साडेनऊ-दहा तास. बेरीज केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आईला सांगितलं की सतरा-साडेसतरा तासांचा प्रवास आहे, एक रात्र आणि अर्धा दिवस, होऊन जाईल.

तेवढ्यात होत नाही. कोथरूडचं दार लावल्यापासून अमेरिकेत बहिणीच्या एडिसनच्या घराचं दार उघडेपर्यंत साडेतेहतीस तास लागले. घरातून वयस्कर माणूस पहिल्यांदाच समुद्रापार जाणार असेल तर हा दुसरा आकडा आधी काढा, कारण औषधं, खाणं, पायांवरची सूज, झोप सगळं त्यावर ठरतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आई तेव्हा ६८ वर्षांची. गुडघे दुखतात, बीपीची गोळी रोज रात्री नऊला, आणि विमानात कधीच बसलेली नाही. धाकटी बहीण न्यूजर्सीत एडिसनला असते, तिचं पहिलं बाळंतपण एप्रिल २०२४ च्या मध्यावर होतं आणि तिला आई हवी होती.

आईचा पासपोर्ट २०२२ लाच काढून ठेवला होता ते फार बरं झालं. फी दीड हजार, मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात दोन तासांत काम झालं, पण त्याआधी आधार आणि पॅनवरचं नावाचं स्पेलिंग जुळवून घ्यायला तीन आठवडे गेले होते. ते आधी तपासा.

अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये भरला, आईचा आणि माझा एकत्र. तेव्हा काही कारण नव्हतं, धाकटी म्हणाली होती की ताई, फक्त करून ठेव. फी तेव्हा माणशी १६० डॉलर होती, आम्हाला तेरा हजारांच्या थोडी वर पडली, जून २०२३ पासून ती १८५ डॉलर झाली. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरताना एक गोष्ट नक्की करा, सुरुवातीलाच जो अ‍ॅप्लिकेशन आयडी मिळतो तो वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक पानानंतर सेव्ह करत जा, कारण वीसेक मिनिटं हात लावला नाही की पान बंद होतं, आणि आईकडून वडिलांची जन्मतारीख आठवून घेण्यात वीस मिनिटं सहज जातात. त्या काळात मुंबईत पहिल्यांदा व्हिसा काढणाऱ्यांना दोन वर्षांच्या वर थांबावं लागत होतं. आम्हाला तारीख मिळाली मार्च २०२५ ची. घाई नव्हती म्हणून घेऊन टाकली.

आणि मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये धाकटीचा फोन आला. आईला आनंदाने रडू आलं, आणि मला मात्र एकदम ती मार्च २०२५ ची तारीख डोळ्यांसमोर दिसायला लागली. तोपर्यंत जानेवारीपासून शनिवारीही इंटरव्ह्यू घेणं सुरू झालं होतं, प्रतीक्षा बरीच कमी झाली होती, मधूनमधून नवीन स्लॉट उघडत होते. मी सहा आठवडे रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि रात्री झोपताना बघत होते. वेळ बदलण्यावर मर्यादा असते, त्यामुळे जी तारीख खरंच चालणार आहे तीच पकडा. २९ सप्टेंबरला सकाळी स्लॉट दिसला, १८ ऑक्टोबरला बोटांचे ठसे आणि १९ ला इंटरव्ह्यू. घेतला, आणि नंतर कॅलेंडर बघितलं तर नवरात्र. १५ तारखेला घट बसणार होते. आईने चाळीस वर्षांत घटावरचा दिवा दुसऱ्यावर सोपवला नव्हता. मी काही बोललेच नाही, संध्याकाळी तीच म्हणाली, "काकू बघेल दिव्याकडे. आपण जाऊन येऊ."

डेक्कन क्वीनने दादरला उतरलो, दुपारी वांद्रे-कुर्ला संकुलात फोटो आणि ठसे, रात्री मावशीकडे डोंबिवलीला मुक्काम, सकाळी परत तिथेच कॉन्सुलेटला. मोबाइल आत चालत नाही, तो मावशीकडेच ठेवून गेलो. रांगेत मिळून दोन-अडीच तास गेले. आईला मी आधीच विचारून ठेवलं होतं की मराठीत बोलायचंय ना, आणि तिथे मराठीची सोय असते हे खरंच आहे. कशाला जाताय, तर मुलीच्या बाळंतपणाला. किती दिवस, तर पाच महिने, गणपतीच्या आत परत. घरी कोण, तर थोरली मुलगी आहे, ही उभी आहे ती. आईला काही पढवायचं नाही असं आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं होतं, म्हणजे आईने जे खरं आहे तेच आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तिने तेच केलं. चार मिनिटांत पासपोर्ट ठेवून घेतले. आठ दिवसांनी पुण्यातल्याच केंद्रातून ते आणले, दहा वर्षांचा व्हिसा. इंटरव्ह्यूच्या दिवशी आईचा उपवास होता, मुंबईहून येताना लोणावळ्याला चिक्की घेतली आणि तीही तिने घरी येऊन देवापुढे ठेवल्यावरच खाल्ली.

आता तिकीट. तेव्हा मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान होतं, साधारण साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास. मला वाटत होतं तेच घ्यावं, उतरणं-चढणं नको. आमच्या डॉक्टरांनी मात्र आईचे पाय बघितले आणि म्हणाले, सलग सोळा तास बसण्यापेक्षा मध्ये उतरून चालू दे. हे प्रत्येकाचं वेगळं असणार, स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, नातेवाइकांचं ऐकू नका. लंडनमार्गे दोन पर्याय होते, एकात मध्ये एक तास पन्नास मिनिटं आणि दुसऱ्यात साडेचार तास. पहिला एकूण वेळात कमी दिसतो, स्वस्तही होता, पण वयस्कर माणूस, व्हीलचेअरची वाट बघणं, परत सिक्युरिटी, यात पावणेदोन तास म्हणजे पळापळ. साडेचार तासांचं घेतलं. माणशी जाऊन-येऊन एक लाख चार हजार, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एखादं चुकलं तर पुढची सोय विमान कंपनी बघते आणि बॅगा थेट न्यूयॉर्कला जातात. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा, नंतर फोन करून नोंद झालीय का विचारा. तिचे वेगळे पैसे नाहीत. आई सुरुवातीला नको म्हणत होती, मी काय आजारी आहे का, पण विमानतळावर दोन-दोन किलोमीटर चालावं लागतं हे समजावल्यावर तयार झाली. लंडनला विमानतळाबाहेर पडायचं नव्हतं आणि अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागला नाही, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी ब्रिटिश सरकारच्या साइटवर बघून घ्या. आईचा प्रवास विमा पाच महिन्यांसाठी सव्वीस हजारांच्या आसपास गेला, बीपी लपवलं नाही म्हणून थोडा महाग.

जानेवारीत आई टोपडं विणत बसली होती. माझ्या मुलाचा पृथ्वीचा गोल टेबलावर होता. तिने विचारलं की मुंबईहून अमेरिका सरळ डावीकडे, मग लंडनला वर कशाला जायचं, वळसा नाही का पडत? मी तिच्याच लोकरीचा धागा घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. धागा आपोआप वर सरकला, पार स्वीडन-नॉर्वेच्या बाजूने गेला आणि अटलांटिकच्या वरच्या अंगाने खाली उतरला. गोलावर सगळ्यात जवळची वाट तीच असते, सपाट नकाशावर ती वाकडी दिसते. म्हणून लंडनला उतरूनही वाट फारशी वाढत नाही, ७,२०० आणि ५,५४० मिळून पावणेतेरा हजारांच्या आत, थेटपेक्षा दोन-तीनशे किलोमीटर जास्त. मग लंडन-न्यूयॉर्कमध्ये धागा धरला तर तो आयर्लंडवरून निघून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडकडे गेला आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. आईने तो धागा स्वतः तीन-चार वेळा ताणून बघितला. त्या दिवसापासून तिची भीती कमी झाली असं मला वाटतं, कारण मग तिचे प्रश्न बदलले, विमान पडलं तर काय याच्याऐवजी मध्ये पाणी किती वेळ दिसतं असं विचारायला लागली.

तिकिटाच्या वेळांवरून मी एक गोंधळ केला तो सांगते. लंडनहून सकाळी ११.१० ला निघून न्यूयॉर्कला दुपारी ३ ला पोचणार असं लिहिलं होतं. दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या असतात. दोन शहरांत पाच तासांचा फरक असतो हे मला माहीत होतं, म्हणून मी आठ तास पन्नास मिनिटं धरली आणि डॉक्टरांनाही तेच सांगितलं. नंतर कळलं की अमेरिकेत घड्याळं १० मार्चलाच एक तास पुढे गेली होती आणि ब्रिटनमध्ये ती ३१ मार्चला जाणार होती. आमचं विमान ३० मार्चचं. त्या मधल्या तीन आठवड्यांत फरक चारच तासांचा असतो, म्हणजे प्रवास सात तास पन्नास मिनिटांचा. मार्चमध्ये जाणार असाल तर आधी तिकिटावरची एकूण वेळ बघा, वजाबाकी नंतर.

आईसाठी मग आम्ही सोपं केलं. तिचं मनगटी घड्याळ शेवटपर्यंत पुण्याच्या वेळेवर ठेवायचं, गोळी त्याच घड्याळाने रात्री नऊला, आणि पोचल्यावर वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. पाच महिन्यांची औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव आणि आईचं पासपोर्टवरचं नाव, आणि पंधरा दिवसांचा साठा हातातल्या बॅगेत. पायांत घट्ट मोजे डॉक्टरांनीच मापाचे घ्यायला लावले.

२५ मार्चला धुळवड झाली, आदल्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. आईने डिंकाचे लाडू, मेतकूट, सुंठ, भाजलेली बाळंतशेप असं सगळं बांधलं, प्रत्येक पिशवीवर मी इंग्रजीत काय आहे ते लिहिलं.

२९ मार्च, शुक्रवार, गुड फ्रायडेची सुट्टी. संध्याकाळी बरोबर सहाला निघालो. विमान रात्री अडीचचं, म्हणजे साडेआठ तास आधी, शेजारचे म्हणाले एवढ्या लवकर? पण जोडून सुट्ट्या असल्या की घाटाचा भरवसा नसतो. कॅब ३,८००, एक्सप्रेसवेचा टोल ३२० त्यातच धरून. खंडाळ्याला पाऊण तास अडकलो, शिवाय खोपोलीला आईला पाय मोकळे करायला उतरवलं, विमानतळावर पोचायला साडेदहा वाजले. म्हणजे पहिले साडेचार तास दीडशे किलोमीटरमध्येच गेले! पुढचे ७,२०० किलोमीटर त्याच्या साधारण दुप्पट वेळात होणार होते.

आत व्हीलचेअर मिळाली आणि त्या ढकलणाऱ्या दादांनी इमिग्रेशन, सिक्युरिटी सगळीकडे आईला सांभाळून नेलं. विमान सुटताना तिने माझा हात धरला होता, वर गेल्यावर सोडला, खिडकीतून मुंबईचे दिवे बघितले आणि म्हणाली, "एवढंच होय." मग झोपली. मला झोप लागली नाही, दर दोन तासांनी तिला उठवून शौचालयापर्यंत चालवत होते.

लंडनला सकाळी ६.४० ला उतरलो. आईच्या घड्याळात दुपारचे बारा-दहा. साडेचार तास कसे गेले कळलंच नाही, उतरून व्हीलचेअर येईपर्यंत पंचवीस मिनिटं, परत सिक्युरिटी जिथे पाण्याची बाटली रिकामी करावी लागली, मग थालीपीठ खाल्लं, आई बाकावर आडवी झाली, मी तिचे पाय बॅगेवर ठेवले. सूज होती पण थोडी. पावणेदोन तासांचं घेतलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं.

आणि मग समुद्र. आईला खिडकी मिळाली होती. आयर्लंड संपलं आणि खाली निळं सुरू झालं, अधूनमधून ढग, बाकी काही नाही. समोरच्या पडद्यावर विमान आणि रेघ, आईने लगेच ओळखलं, धाग्यासारखंच वर वळलंय. वेग ताशी ७८० च्या आसपास दाखवत होता आणि समोरून वारा ताशी शंभराच्या वर. ती म्हणाली वारा अडवतोय की काय. अगदी तसंच आहे. विमान ज्या उंचीवर जातं तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात जास्त, म्हणून अमेरिकेला जाताना वेळ लागतो आणि येताना तोच वारा मागून ढकलतो. रोजचा वारा बघून समुद्रावरच्या वाटा दररोज नव्याने आखतात, अर्ध्या समुद्रापर्यंत आयर्लंड-स्कॉटलंडकडचे कंट्रोलर आणि पुढे कॅनडातले गॅंडरचे. हे मी आधी वाचून ठेवलं होतं म्हणून सांगता आलं, आणि सांगताना मलाही धीर आला.

एक वेळ अशी आली की आईने घड्याळ बघितलं, सात वाजले होते, पुण्यातले. बाहेर लख्ख ऊन. तिने हात जोडले आणि हळू आवाजात शुभं करोति म्हटलं. घरी काकूने दिवा लावला असेल, म्हणाली. खाली पाणी, चारही बाजूंना पाणी. मी तिच्याकडे बघत राहिले. नऊ वाजता गोळी घेतली, तरी ऊन तसंच, आम्ही सूर्याच्या मागे मागे चाललो होतो त्यामुळे दिवस संपतच नव्हता. या टप्प्यात वयस्कर माणसांना दिवस-रात्र कळेनाशी होते, आई दोनदा म्हणाली की मला कुठे आहे ते समजत नाहीये. खिडकी बंद केली, पडदा बंद केला, लोकरीची टोपी डोळ्यांवर ओढली, आणि ती दीड तास शांत झोपली. हे आधीच करायला हवं होतं.

न्यूयॉर्कला तीनला टेकलो. इमिग्रेशनला पाऊण तास, मी शेजारी उभी राहून आईचं मराठी इंग्रजीत सांगितलं, सहा महिन्यांचा शिक्का मिळाला, २९ सप्टेंबरपर्यंत. खाण्याचं सगळं आहे असं आम्ही आपणहून सांगितलं, लाडवाचा डबा उघडून बघितला आणि जाऊ दिलं. लपवू नका, सांगितलं की पटकन होतं. बॅगा घेऊन साडेचारला बाहेर, तिथून गाडीने दीड तास. एडिसनला सहा वाजता दार उघडलं. धाकटी पोटावर हात ठेवून उभी होती. आईने आधी तिच्या पायांची सूज बघितली, मग मिठी मारली. आईचं घड्याळ पहाटेचे साडेतीन दाखवत होतं, ३१ मार्च.

आईला ताळ्यावर यायला सहा दिवस लागले. दुपारी तीनला गाढ झोप आणि रात्री दोनला टक्क जागी. त्यामुळे बाळंतपणाच्या निदान दहा-बारा दिवस आधी पोचेल असं बघा, उशीर झाला तर आजीचीच काळजी घ्यावी लागते. बाळ ११ एप्रिलला झालं, मुलगी. मी २१ ला परतले.

परतीला आई एकटी होती, ३ सप्टेंबर. याची मला जाण्यापेक्षा जास्त धास्ती होती. एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिलं होतं, माझं नाव, तिघांचे फोन, कुठे उतरायचं, बीपी आहे, इंग्रजी येत नाही, आणि तो कागद गळ्यातल्या पाऊचमध्ये. धाकटीने तिला व्हीलचेअरवाल्यांच्या ताब्यात दिलं आणि मग मी पुण्यात फोनवर विमानाचा ठिपका बघत बसले. न्यूयॉर्कहून सुटलं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार. किनारा सुटला की ठिपका अंदाजाने पुढे सरकतो कारण भर समुद्रात जमिनीवरचे रिसीव्हर पोचत नाहीत, हे माहीत असूनही माझा जीव वर-खाली होत होता. वेग एकदा ताशी हजाराजवळ दाखवला, वारा मागून होता. सहा तास पस्तीस मिनिटांत लंडन, जातानापेक्षा सव्वा तास कमी. लंडनहून तिच्या फोनवरून एका मराठी मुलीने मेसेज केला, काकू चहा पितायत, काळजी करू नका. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मुंबईला रात्री ११.५० ला उतरली, एकला बाहेर आली, एका हातात बॅगेचा पट्टा, दुसऱ्या हातात रिकामा लाडवांचा डबा. धाकटीच्या दारापासून आमच्या दारापर्यंत पावणेएकोणतीस तास, जातानापेक्षा पावणेपाच तास कमी, थोडे वाऱ्यामुळे आणि थोडे रस्ता रिकामा होता म्हणून. एक्सप्रेसवेवर ती मला नातीचं सगळं सांगत होती, कशी हसते, कशी कुशीवर वळते, मध्येच थांबली आणि घड्याळ दाखवून म्हणाली, "बघ, हे एकदाही फिरवलं नाही." मग तळेगावच्या आसपास विचारलं, "परवा हरतालिका ना गं? वाळू आणलीस का?"

आणली नव्हती. सव्वाचारला घरी पोचलो, तिने दिवा लावला आणि झोपली, आणि मी सातला उठून वाळू आणायला गेले.